ड्रायव्हरकाकांनी मोडलेला शब्द

वस्तीत लहानथोर सगळे त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणत. घरी बायकोचं डोकं फिरलं की तीसुद्धा "या, ड्रायव्हरकाका, या" असं म्हणून ताट पुढं सरकवायची, आणि मग काकांना कळायचं की आज आपलं काही खरं नाही.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालट्रकवर काढली. सिमेंट, लोखंडी सळया, कोंबड्यांचे पिंजरे, जे मिळेल ते लादायचं आणि निघायचं. स्वतःची मुलगी कधी मोठी झाली ते त्यांना कळलंच नाही. दर खेपेला घरी यावं तर ती वितभर उंच झालेली असायची, आणि हा कोण पाहुणा आला म्हणून दाराआडून बघायची. ती लग्न होऊन गेली, मग कंबरेनं दगा दिला, आणि डॉक्टरांनी बजावलं की ट्रकवर पुन्हा चढलात तर उतरवायला चार माणसं लागतील. तेव्हा कुणीतरी शब्द टाकला आणि निर्वासितांच्या वस्तीतली मुलं शाळेत पोचवायची बस त्यांच्या हाती आली.

"सळयांपेक्षा पोरं बरी," ते बायकोला म्हणाले. "निदान खिडकीबाहेर आली तर ओरडता येतं."

वस्ती म्हणजे शहराबाहेरचा एक बंद पडलेला साबणाचा कारखाना. मोठमोठ्या शेडमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून खोल्या पाडल्या होत्या. आडोसे छतापर्यंत पोचत नव्हते, त्यामुळं एका टोकाला कुणी खोकलं की पलीकडच्या टोकाचं माणूस कूस बदलायचं. भिंतींना ओल आली की अजून साबणाचा वास सुटायचा. लढाईतून जीव वाचवून आलेली ही माणसं इथं कायमची राहायला आली नव्हती. लांबचा कुठला तरी देश कधी तरी "या" म्हणेल, याची ती वाट बघत होती. त्यासाठी मुलाखती व्हायच्या, रक्त तपासायचे, छातीचे फोटो काढायचे, मग पुन्हा मुलाखती. कुणाला वर्षभरात बोलावणं यायचं. कुणाचं बाळ इथं जन्मून शाळेच्या बसमध्ये बसायला लागलं तरी यायचं नाही.

मुलं मात्र झपाट्यानं इथली भाषा शिकली, आणि ती बरीचशी काकांकडून. शाळेतल्या बाईंनी एकदा काकांना बाजूला घेऊन सांगितलं की तुमची मुलं बेरीज चुकली की "च्यायला, क्लच गेला" असं म्हणतात. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि बसमध्ये येऊन पोट धरून हसले.

पण बसमधल्या एका खेळाला मात्र त्यांना हसू येत नसे. मुलं मुलाखत-मुलाखत खेळायची. एक जण साहेब व्हायचा, बाकीचे समोरच्या सीटवर रांगेत.

"तुम्ही का पळालात?"

"घरावर बॉम्ब पडला."

"कुठल्या बाजूनं पडला? मागच्या वेळी तर तू स्वयंपाकघरावर पडला म्हणालास."

"स्वयंपाकघरावरच पडला."

"बरं. कळवू."

साहेब प्रत्येकाला शेवटी "कळवू" म्हणायचा, आणि सगळी पोरं खिदळायची. काका आरशातून बघायचे आणि उगाचच हॉर्न वाजवायचे.

त्या खेळात सगळ्यात कडक साहेब व्हायची ती एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिला काकांनी कंडक्टरबाई असं नाव ठेवलं होतं, कारण ती रोज दारात उभी राहून पोरांना आत घ्यायची, कुणाचं नाक पुसायची, कुणाच्या डोक्यात टपली मारायची, आणि सगळे बसले की पत्र्यावर दोनदा थाप मारून ओरडायची, "चला!" तिची जागा काकांच्या अगदी मागची. तिथं बसून ती त्यांना गाडी कशी चालवायची ते शिकवायची.

तिच्या घरात तिघीच. ती, आई आणि आजी. बाप मागं राहिला होता आणि त्याचं पुढं काय झालं ते कुणी बोलत नसे. आजीला इथली भाषा एक अक्षर येत नव्हती. ती सकाळी फाटकापाशी उलट्या खोक्यावर बसलेली असायची आणि बस निघाली की काकांकडं बघून बोट हलवायची, म्हणजे हळू चालव. काका स्टिअरिंगवरचा हात कपाळाला लावायचे, म्हणजे हुकूम शिरसावंद्य. दोघांची एवढीच ओळख, पण पक्की.

मग एकदाचं त्या तिघींना बोलावणं आलं. कंडक्टरबाईच्या पायाला भिंगरी लागली. तिनं रंगीत खडू एकीला दिले, केसांच्या पिना दुसरीला दिल्या, पट्टी-पेन्सिल वाटून टाकली. काकांच्या मागची जागा एका धाकट्या मुलीला दिली आणि वर दम भरला, "काका डुलक्या काढायला लागले तर खांद्याला चिमटा काढायचा." शेवटच्या दिवशी सगळ्या बसनं तिला टाळ्या वाजवून निरोप दिला. काकांनी तिला एक बिस्किटाचा पुडा दिला आणि "नीट जा" एवढंच म्हटलं.

ती गेलीच नाही. निघायच्या आधी शेवटची तपासणी असते, तीत आजीच्या छातीच्या फोटोत डाग दिसला. क्षय. बरा होणारा रोग, औषधं आहेत, पण सहा-आठ महिने घ्यायची, आणि तोवर प्रवास बंद. एकीचा बंद म्हणजे घरातल्या सगळ्यांचाच बंद. आजी म्हणाली, मला इथं सोडून तुम्ही जा. आई म्हणाली, ते होणार नाही, पुन्हा तोंडातून काढू नका.

चार दिवसांनी कंडक्टरबाई पुन्हा बसपाशी आली. पोरांना काय करावं कळेना. आपण ज्याला एवढा निरोप दिला तो माणूस परत आला, की त्याच्याशी बोलायचं तरी काय? पिनावाल्या मुलीनं पिना काढून हात पुढं केला. कंडक्टरबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या जागेवर बसलेली धाकटी उठायला लागली, तर "बस तिथंच" असं खेकसून ती सगळ्यात मागं जाऊन बसली. पत्र्यावर थाप त्या दिवशी कुणीच मारली नाही. काकांनी स्वतःच "चला" म्हटलं आणि गाडी काढली.

आजीला वस्तीच्या कडेच्या एका वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. भेटायचं ते खिडकीच्या काचेतून. आई दिवसातून दोनदा जायची. मुलगी जायची नाही. "ती खोकली म्हणून आम्ही अडकलो," असं ती पिनावालीला सांगताना काकांनी ऐकलं होतं. पोरीचा राग आहे, उतरेल, असं त्यांना वाटलं. आणि तो बहुतेक उतरलाही असता, वेळ मिळता तर.

आजीनं औषधाचा अर्धाही टप्पा गाठला नाही. एका पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, क्षयानं नाही, हृदय थकलं होतं. वस्तीतली माणसं जमली, आईला धरून बसली, आणि जे करायचं ते करून दुपारपर्यंत परत आली. काकाही गेले होते. कंडक्टरबाई आईच्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

त्यानंतर तिनं बोलणं सोडलं. शाळेत बाई विचारायच्या तर मान हलवायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायची आणि ओठ आतून चावत राहायची. कपडे तेच, केस तसेच. डबा उघडून पुन्हा बंद करायची. आई बिचारी स्वतःच एवढी खचली होती की पोरीनं बोलणं बंद केलंय, हे तिच्या ध्यानात यायलाच बरेच दिवस गेले.

दीड-दोन महिन्यांनी कार्यालयातून निरोप आला. तुमचा अडथळा आता उरलेला नाही, तपासणी नव्यानं करून घ्या, म्हणजे जाता येईल. साहेबाच्या तोंडून ते सहज निघालं असेल. आईनं पोरीला सांगताना तेच शब्द सांगितले.

ज्या दिवशी तपासणीला जायचं, त्या दिवशी मुलगी सापडेना. शेड पालथ्या घातल्या, नळकोंडाळी बघितली, कुंपणाबाहेर माणसं धाडली. काका शाळेची खेप टाकून आले होते आणि रिकामी बस झाडत होते. मागच्या सीटखाली झाडू अडकला. वाकून बघतात तर पाय. तिथं ती अंगाचं मुटकुळं करून पडली होती, सीटखालच्या धुळीत, तोंडावर हात दाबून.

काकांची कंबर वाकायला तयार नव्हती. तरी ते तिथंच पायरीवर बसले, तोंड दुसरीकडं करून. दारासमोरून जाणाऱ्या एका बाईला त्यांनी हळूच खुणेनं सांगितलं की सापडली, आईला कळव, पण घाई करू नका. मग खिशातून रुमाल काढून घाम पुसत बसले. ट्रकवाल्याला एक गोष्ट चांगली येते, ती म्हणजे वाट बघणं.

बऱ्याच वेळानं सीटखालून आवाज आला. इतक्या दिवसांत न वापरलेला, घोगरा.

"मी नाही जाणार."

"बरं."

"मी म्हणाले तसंच झालं."

"काय म्हणाली होतीस?"

काकांनी पुन्हा विचारलं नाही.

"आईनं मला ओढत नेलं होतं खिडकीपाशी. आई पाणी आणायला गेली. तेव्हा मी आजीला म्हणाले, तू मर ना, म्हणजे आम्ही जाऊ." तिनं श्वास घेतला. "तिनं ऐकलं का नाही माहीत नाही. मध्ये काच होती. तिनं बोट हलवलं. ती नेहमीच हलवायची."

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांना जे सुचलं ते त्यांनी बोलून टाकलं.

"अगं वेडे, असं बोलल्यानं कुणी मरतं होय? तो पाण्याचा टँकरवाला रोज मला गाडी आडवी घालतो. मी रोज त्याला म्हणतो, मर लेका. मरतो का तो? चांगला लालबुंद आहे."

"तो काय तुमची आजी आहे?" ती म्हणाली.



थोड्या वेळानं ती सरपटत बाहेर आली. केसांत जळमटं, गुडघ्यांना काळं. "मी आता गेले, तर म्हणजे मला तेच हवं होतं असं होईल," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगू नका. आईला तर नाहीच नाही. शब्द द्या."

पोरीच्या डोळ्यात बघून नाही म्हणणं काकांना जमलं नाही. "दिला शब्द," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवताना त्यांचा घास तोंडातच फिरत राहिला. बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"मीठ कमी आहे का?"

"मिठाचं काही नाही गं. एकानं मला काही सांगितलंय, आणि ते सांगायचं नाहीये."

"मग नका सांगू," ती म्हणाली, आणि भांडी उचलताना पुढं म्हणाली, "पण तुम्हाला ते झेपत नाहीये, हे दिसतंय. ज्याचं आहे त्याला झेपतंय का?"

दिलेला शब्द आयुष्यात त्यांनी सहसा मोडला नव्हता. मालाची खेप अमुक दिवशी पोचवतो म्हटलं की पोचवायची, मग रस्त्यात काही का होईना. आणि हा तर एका लहान मुलीला दिलेला, जिला मोठ्या माणसांनी आजवर नुसतं "कळवू" म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी आठवडाभर तो पाळला. मग एका सकाळी बसमध्ये दोन बारक्या पोरांचं खिडकीवरून भांडण जुंपलं. एकानं दुसऱ्याला ढकललं आणि ओरडला, "मर तू!"

मागच्या सीटवरून कंडक्टरबाई वाघिणीसारखी धावून आली. तिनं त्या पोराचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. तो गुदमरायला लागला, हातपाय झाडायला लागला, तरी ती सोडेना. "परत घे! परत घे!" ती किंचाळत होती, आणि तिनं तोंडच दाबलेलं असल्यामुळं त्या बिचाऱ्याला काहीच परत घेता येत नव्हतं. काकांनी गाडी कडेला घेतली, कंबरेची पर्वा न करता मागं धावले, तिची बोटं एकेक करून सोडवली. पोरगा भोकाड पसरून रडायला लागला. ती खाली बसली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी.

मुलांना शाळेत पोचवून काका थेट खेळघरात गेले. वस्तीतल्या एका खोलीत चटया आणि खेळणी ठेवून मुलांच्या मनाची विचारपूस करणारी एक ताई बसत असे. ती त्या कामाचंच शिकून आली होती. कंडक्टरबाईला तिनं बरेचदा चित्र काढायला बसवलं होतं, पण मुलगी कागद कोराच ठेवून उठायची. काका दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना आपण चोरी करतोय असं वाटत होतं.

ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती बोलत नाहीये कारण आपण जे बोलतो ते खरं होतं, असं तिला वाटतंय."

"हो."

"आणि मी तिला सारखी बोल, बोल म्हणून मागं लागले होते." ताईनं डोळ्यांवरून हात फिरवला. "तुम्ही आलात ते फार बरं झालं, काका."

"मी शब्द दिला होता तिला."

"माहीत आहे. मला कुणाकडून कळलं ते मी तिच्यापासून लपवणार नाही. खोटं बोलून हे काम होत नाही."

"ती मला माफ करेल का?"

ताईनं विचार केला. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

तिनं आईलाही बोलावून घेतलं. त्या खोलीत तिघींचं काय बोलणं झालं ते काकांना कधी नीट कळलं नाही. एवढंच कळलं की ते एका दिवसात झालं नाही. आई रोज संध्याकाळी मुलीला घेऊन खेळघरात जायला लागली. एकदा प्लायवूडच्या आडोशापलीकडून त्या दोघींच्या रडण्याचा आवाज आला आणि शेजारपाजारच्या माणसांनी समजून आपापले दिवे मालवले. ज्या डॉक्टरांनी आजीला तपासलं होतं, त्यांना ताई घेऊन आली. त्यांनी मुलीसमोर बसून तिला समजावलं की आजीचं हृदय तिच्या बोलण्याच्या कितीतरी आधीपासून थकलं होतं. मुलीनं त्यांना तेच चार-चार वेळा विचारलं, मुलाखतीतल्या साहेबासारखं उलटसुलट करून, आणि डॉक्टरांनी दर वेळी तेच उत्तर दिलं.

हळूहळू डबा अर्धा संपायला लागला. केस विंचरलेले दिसायला लागले. बसमध्ये ती पिनावालीशी चार शब्द बोलायला लागली. काकांशी नाही. चढताना त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. काका रोज "या, बाई" म्हणायचे आणि ती मान वळवून मागं जायची. पहिल्या दिवशी काकांना वाटलं, चालायचंच. महिना झाला तेव्हा त्यांना ते फार लागायला लागलं. एकदा ते ताईला म्हणाले, "मी बरोबर केलं ना?"

"केलंत," ताई म्हणाली. "पण तिच्या ठिकाणी मी असते तर मीही तुमच्यावर रागावले असते."

काका हसले, पण ते हसणं काही जमलं नाही.

हुकलेली तपासणी झाली, कागद झाले, जायचा दिवस ठरला. या खेपेला तिनं कुणालाच काही दिलं नाही. सगळं पिशवीत भरून ठेवलं. निघायचं दुपारी होतं, शाळेत जायची काही गरज नव्हती, तरी सकाळी ती बसमध्ये येऊन बसली. शाळेच्या फाटकापाशी सगळी मुलं उतरली. ती शेवटची उतरायला आली, आणि पायरीवर थांबली.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"मी नको म्हणाले होते."

"हो गं."

ती खांब धरून उभी राहिली. "आईला वाटायचं की तिच्यामुळं झालं. तिनं आजीला आधीच डॉक्टरकडं न्यायला पाहिजे होतं म्हणून. ती पण कुणाला सांगत नव्हती."

"मग?"

"मग काय. आता दोघींना माहीत आहे."

काकांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. त्यांनी तो स्टिअरिंगवरच ठेवला. "रागावलीस का माझ्यावर अजून?"

"हो," ती म्हणाली, आणि उतरून वर्गाकडं चालत गेली. दुपारी आईला घेऊन दुसरीच गाडी तिला शाळेतूनच विमानतळाकडं न्यायला आली, आणि काका त्या वेळी पेट्रोल पंपावर रांगेत होते.

त्या कुटुंबाची खबर पुढं एकदाच आली. तिकडं आधी गेलेल्या एका घरानं फोनवर वस्तीत कुणाला तरी सांगितलं की माय-लेकी पोचल्या, एका खोलीत राहतात, थंडी फार आहे, आईला शिवणकामाचं काम मिळालंय. पोरगी शाळेत जाते. कधी बोलते, कधी दिवसच्या दिवस बोलत नाही. रात्री दिवा चालू ठेवावा लागतो. आजीचा विषय मात्र आपणहून काढते.

काकांनी तो निरोप पिनावालीकडून ऐकला, बस फाटकापाशी उभी असताना. त्यांनी तिला तो परत एकदा सांगायला लावला. त्यात काकांसाठी काही नव्हतं. "बरं, बस आता," ते म्हणाले, आणि मुलं सगळी चढली का ते बघायला त्यांनी मान वर करून आरशात बघितलं.